‘मी गेले’ आणि लाल शाई

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी कोर्टाच्या आवारातील माझ्या टेबलासमोर आमच्या वस्तीतील एक ताई येऊन उभ्या राहिल्या. पक्षकारांची गर्दी ओसरेपर्यंत त्या बसल्याच नाहीत. मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक दोनशे पानी वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “जयभीम, वकीलसाहेब. माझं पोरगं वेडं नाही. ह्या वहीत काय चुकलंय तेवढं मला वाचून सांगा.”

वही सातवीच्या मराठीची होती. निबंधाचा विषय ‘मी केलेला प्रवास’. अक्षर असे की आमच्या कोर्टातल्या टायपिस्टने लाजावे. एस.टी.ने मामाच्या गावाला जाणे, वाटेत उलटी होणे, विहिरीत उतरायची भीती वाटणे, परत निघताना रडू येणे, असा साधा मजकूर. पण लिहिले होते ते असे : मी गेले, मी बसले, मी घाबरले, मी रडले. शिक्षकांनी या प्रत्येक क्रियापदाभोवती लाल शाईने गोल काढला होता. मी मोजले, अकरा गोल होते. खाली शेरा होता, ‘तू मुलगा आहेस. नीट लिही. पालकांना भेटायला सांग.’ पुढच्या निबंधातही मुलाने तेच केले होते. तिथे गोल काढण्याचे कष्टही शिक्षकांनी घेतले नव्हते. आख्खे पान तिरप्या रेघेने खोडले होते.

एक गंमत माझ्या लक्षात आली. ‘मी पाणी भरले’, ‘मी भाकरी खाल्ली’ ही वाक्ये लाल शाईतून सुटली होती. कारण तिथे क्रियापद पाण्याच्या आणि भाकरीच्या मागे जाते, माणसाच्या नाही. आपली भाषा खाणाऱ्याला मुलगा की मुलगी हे विचारत नाही, जाणाऱ्याला विचारते. इंग्रजी माध्यमात हे मूल दहावीपर्यंत कोणाच्या लक्षात आले नसते. मराठीत ते ‘मी’नंतरच्या पहिल्याच क्रियापदाला पकडले गेले. आणि हीच मराठी कोल्हापूरकडच्या बायकांच्या तोंडून ‘मी येतो’, ‘मी जातो’ अशी बाहेर पडते तेव्हा त्यांच्या वह्या कोणी लाल करत नाही. त्याला बोलीचा रांगडा गोडवा म्हणतात!

त्या लेकराचे नाव मी इथे देणार नाही. त्याला ‘तो’ म्हणावे की ‘ती’, हे ठरवण्याचा अधिकारही मला नाही. ‘मूल’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे, ही भाषेने ठेवलेली मोठी सोय आहे. ती मी वापरतो.

हे मूल मला परके नाही. आमच्या बुद्धविहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तीन वर्षे ते वर्गाला येत होते. त्रिशरण-पंचशील घेताना त्याचा आवाज सगळ्यांत स्वच्छ असायचा. दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या नाटुकल्याची पात्रे वाटताना ते पुढे आले आणि म्हणाले, “मला रमाईचं काम द्या.” मोठ्या माणसांत हशा पिकला. मीही हसलो. वर म्हणालो, “अरे, तू शाहू महाराज हो. मस्त फेटा बांधू तुला.” पुढच्या रविवारी मूल आले नाही. त्यानंतर कधीच आले नाही. हजेरीपटावर आम्ही इमानेइतबारे गैरहजेरी मांडत राहिलो, चौकशी मात्र कोणी केली नाही. तेव्हा त्या शिक्षकांवर लिहिण्याआधी हे लिहिणे भाग आहे. त्यांनी वहीत काढलेला गोल मी आधीच विहारात काढून ठेवला होता.

शाळेने ताईंना तोंडी सांगितले होते, डॉक्टरला दाखवा, नाहीतर दाखला घेऊन जा. यावर वकील म्हणून जे करायचे ते कठीण नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढू देत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई करते. कलम २९ तर म्हणते की शिक्षणाने मुलाला भयापासून आणि चिंतेपासून मुक्त करावे व त्याला आपले म्हणणे मोकळेपणी मांडू द्यावे. एक पानाचे पत्र गेले आणि दाखल्याची भाषा बंद झाली. मला वाटले, काम झाले.

पण ताई पुन्हा आल्या. म्हणाल्या, “शाळा गप झाली, साहेब. पण पोरगं रात्री विचारतं, आई, माझ्यासारखं अजून कुणी आहे का? वाचायचा लई नाद आहे त्याला. तुमच्या विहारातल्या कपाटात असलं एखादं पुस्तक असंल तर द्या ना.”

या प्रश्नाला माझ्याकडे कलम नव्हते.

विहारातील वाचनालयाची दोन कपाटे मी एका रविवारी उघडून बसलो. मुलांच्या पुस्तकांचा खण तसा भरलेला आहे. देणगीत आलेली पुस्तके, शाळांनी रद्दीत काढलेली, दिवाळीत कोणी आणून दिलेली. सगळ्यात वर ‘श्यामची आई’. १९३५ पासून मराठी मुलांच्या हाती आहे. आणि काय योगायोग पाहा, या पुस्तकातील पहिल्याच रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची आहे. आई आजारपणाने अशक्त झाली आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला ती श्यामला सांगते. श्याम लाजतो. बायका हसतील, असे त्याला वाटते. आई समजावते की लाज वाईट काम करण्याची वाटावी, चांगल्या कामाची नव्हे. श्याम जातो. म्हणजे मराठी बालवाङ्मयाच्या सर्वांत लाडक्या घराच्या उंबऱ्यावरच बायकांचे काम करायला लाजणारा आणि मग ती लाज सोडणारा मुलगा उभा आहे. साने गुरुजींनी हळव्या, रडणाऱ्या मुलाला नायक केले, याचे श्रेय मी त्यांना देतोच. पण मुलाची लाज सोडवली ती कशासाठी? तर बाईने जन्मोजन्मी हाच नवरा मागावा, या व्रतात खंड पडू नये म्हणून! मुलाला एक दिवसाची सूट आणि बाईला सात जन्मांची बेडी. आमच्या ताईंच्या मुलाला ही गोष्ट देऊन मी काय सांगणार होतो?

त्याखाली भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या. यांच्यावर माझेही बालपण गेले आहे, त्यामुळे खोटा राग आणणार नाही. फेणेची सायकल मीही स्वप्नात चालवली आहे. पण त्या सायकलवर बसताना मला माझी वस्ती खाली ठेवावी लागत होती, हे मोठेपणी कळले. त्या गोष्टींतली घरे, त्यांतले मामा-मावश्या, त्यांतले पुणे आमचे नव्हते. आमचा मुलगा या पुस्तकांत नव्हताच. तरी ‘मुलगा’ होणे एवढे तरी आम्हाला त्यांतून उसने घेता आले. धाडस करायचे, रडायचे नाही. या मुलाला तेवढेही उसने घेता येत नाही.

मग निघाले चित्रमय महाभारत. इथे मात्र स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारी पात्रे भरपूर! विराटाच्या दरबारात नाच शिकवणारा बृहन्नडा आहे, पण तो अज्ञातवासातला अर्जुन आहे. वर्ष संपले की बांगड्या उतरवून गांडीव उचलतो. मोहिनी आहे, पण ते असुरांना फसवण्यासाठी घेतलेले रूप आहे. शिखंडी आहे, पण त्याच्या वाट्याला काय आले? त्याला पुढे उभे करायचे आणि मागून दुसऱ्याने बाण मारायचा. सोंग, फसवणूक आणि आडोसा. लहान मुलांसाठी सोप्या केलेल्या गोष्टीत तर शिखंडीचे दुःखही गाळून टाकतात, उरते फक्त नाव. ते नाव पुढे आयुष्यभर शिवी म्हणून कामाला येते. विधानसभेपासून नाक्यापर्यंत विरोधकाला शिखंडी म्हणणारे भाषण ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणार नाही.

आणि बांधवांनो, यात आपण वेगळे नाही. या देशातील पुराणकथा आपण उलट्या वाचल्या. फुल्यांनी बळीराजा परत आणला. शंबुकाच्या वधाला आपण वध म्हणायला शिकवले. एकलव्याचा अंगठा आपण द्रोणाकडे परत मागितला. शिखंडीचे नाव मात्र शिवी म्हणून तसेच वापरत राहिलो. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर घेऊन जाणारे मोर्चे मी स्वतः काढले आहेत. त्या बांगड्या आपल्याच आयाबहिणींच्या हातातल्या, त्या हातांनी विटा वाहिल्या, नाले साफ केले, चवदार तळ्यावर गर्दी केली. मग बांगडी भ्याडपणाची खूण कधीपासून झाली? आमच्या महिला आघाडीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने हे भर सभेत विचारले तेव्हा मंचावर कोणाजवळच उत्तर नव्हते. मोर्चे मात्र थांबले नाहीत.

पाठ्यपुस्तकांत काहीच बदलले नाही असे मी म्हणणार नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडत बसल्याचे चित्र छापले. डॉक्टर बाई, वाहतूक पोलीस बाई, स्वयंपाकी पुरुष अशी चित्रे आली. काही लोकांनी नाके मुरडली, पण चित्रे चांगली होती. तरी यात एक फरक समजून घेतला पाहिजे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांनाही अनेकदा कळत नाही. बापाने भाजी निवडली तर काम बदलते, बाप बापच राहतो. आमच्या मुलाचा प्रश्न कामाचा नाही. ते मामाच्या घरी लाकडे फोडते आणि पोहायला घाबरतेही. त्याचा प्रश्न ‘मी’नंतरच्या क्रियापदाचा आहे. कोणते काम करू, हा एक प्रश्न, आणि मी कोण, हा दुसरा. पहिल्यासाठी पुस्तके येऊ लागली आहेत, दुसऱ्यासाठी मराठीत जवळजवळ शांतता आहे.

शोधता शोधता काही हाती लागले, नाही असे नाही. कनक शशी यांचे ‘गुठली’चे चित्रपुस्तक तुलिका प्रकाशनाने काढले आहे. घरचे जिला मुलगा समजतात ती गुठली स्वतःला परी म्हणते, तिला फ्रॉक हवा असतो, घरचे समजावतात, ती कोमेजते, आणि मग आईला कळते. बस, एवढीच गोष्ट. शाप नाही, सोंग नाही, युद्ध नाही. रिचा झा यांच्या ‘द अनबॉय बॉय’ या इंग्रजी पुस्तकात गगन नावाचा मऊ स्वभावाचा मुलगा आहे, ज्याला सगळे चिडवतात. तो मुलगाच आहे, फक्त दांडगा नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आणि दोन्ही लागतात. कारण बांगड्या आवडणारे प्रत्येक मूल पुढे जाऊन तृतीयपंथी होते असे नाही, आणि तसे झाले तरी बिघडले असे नाही. आपल्या ताईंचे मूल पुढे काय होईल ते मला माहीत नाही. ते आज सांगण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू नये, एवढेच माझे म्हणणे. पण ही पुस्तके महानगरातल्या इंग्रजी शाळांच्या ग्रंथालयांत दिसतात. आमच्या विहाराच्या कपाटापर्यंत ती चालत येत नाहीत.

मोठ्यांची पुस्तके आहेत. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ मराठीत आहे. तमिळनाडूच्या लिव्हिंग स्माइल विद्या यांचे आत्मकथन आहे. त्या दलित आहेत आणि ते लपवत नाहीत. मुलाने शिकून कलेक्टर व्हावे म्हणून कष्टणारा, मारणारा बाप आणि बंद दाराआड परकर नेसून नाचणारे लेकरू त्यांनी लिहिले आहे. ते वाचताना मला आपल्या कितीतरी घरांची आठवण झाली. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण कधी कधी लेकरांच्या पाठीवर वळ उठवून पाळला आहे! पण हे सारे बालपण मोठेपणी, सगळे सोसून झाल्यावर लिहिलेले आहे. मूल असताना त्यांच्या हातात काय होते? काहीच नव्हते. म्हणूनच आज बारा वर्षांच्या मुलाला देण्याजोगे त्यात फार थोडे सापडते.

किती मुले असतील अशी, असा प्रश्न मला एका कार्यकर्त्याने विचारला. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ अशी नोंद पहिल्यांदा झाली. एकूण आकडा ४,८७,८०३. त्यात सहा वर्षांपर्यंतची मुले ५४,८५४. या लहानग्यांची नोंद अर्थातच आईबापांनी सांगितलेली, तेव्हा तो आकडा काय दाखवतो आणि काय नाही यावर वाद होऊ शकतो. पण याच नोंदीतले ७८,८११ लोक अनुसूचित जातींचे आहेत. आणि साक्षरता ५६ टक्के, तेव्हा देशाची ७४ टक्के होती. ज्या समाजाने शाळेसाठी रक्त आटवले, त्याने या दोन आकड्यांमधल्या अठराची चौकशी करायला नको काय? ही मुले शाळेतून आपोआप गळत नाहीत. लाल शाईने गळतात.

हे परदेशातून आलेले थेर आहे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना मी दोन कागद दाखवतो. पहिला, जो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून कोणाला वगळायचे त्याची यादी आहे, आणि त्या यादीची सुरुवात क्लीबापासून होते. पुढे आंधळे, बहिरे, मुके. म्हणजे ही माणसे मनूच्या वेळीही होती, आणि त्यांना काय द्यायचे नाही हेही ठरलेले होते. दुसरा कागद इंग्रजांचा, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याचा पहिला भाग आपल्याला पाठ आहे, जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींचा. पारधी, कंजारभाट, कैकाडी बांधव त्याचे घाव आजही मोजतात. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांची नोंदवही ठेवण्यासाठी होता, हे चळवळीत किती जणांना माहीत आहे? नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी बाईचा पेहराव केला, नाच केला तर तुरुंग. सोळा वर्षांखालचा मुलगा तिच्याजवळ सापडला तर तुरुंग. एकाच कायद्याच्या दोन भागांत आपली आणि त्यांची नावे लिहिली गेली. तो भाग १९११ च्या कायद्यात राहिला नाही, पण नजर राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झालेल्यांना विचारा, कायदा गेला म्हणून नजर जाते काय?

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. मुलांच्या कानावर हे घालायचेच कशाला? इथे मला बाबासाहेबांची एक केस आठवते, जी जयंतीच्या भाषणात फारशी येत नाही. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता, त्यांनी सरळ उत्तरे दिली होती. कर्व्यांच्या बाजूने वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. केस हरली, कर्व्यांना दंड झाला. त्या काळात बाबासाहेबांपुढे कामांचे डोंगर होते. गोलमेज परिषदा आटोपून फार दिवस झाले नव्हते, पुणे कराराची जखम ओली होती. ‘आधी पोटाचे प्रश्न’ म्हणून त्यांना ती केस सहज टाळता आली असती. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे, हे त्यांना दुय्यम वाटले नाही.

आणि मुलांचे वय? मसूर स्टेशनवर उतरलेल्या भावंडांना जात कळताच गाडीवाले मिळेनात, रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही, ही गोष्ट आपण पाच वर्षांच्या मुलाला सांगतो. तेव्हा भीमराव स्वतः नऊ-दहा वर्षांचे होते. शाळेत शिपाई नसेल तर पाणी नाही, हेही सांगतो. याच आठवणींवरून २०११ मध्ये गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ चितारले. ते आमच्या वर्गातली पोरे पाने फाटेपर्यंत पाहतात. त्याने कोणी बिघडले नाही. अपमान झालेल्या मुलाची गोष्ट मुलांना कळते, मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

राज्यघटनेच्या बाजूने पाहिले तर रस्ता १५ एप्रिल २०१४ रोजीच मोकळा झाला, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी नालसा खटल्यात सांगितले की कलम १५ आणि १६ मधील ‘लिंग’ या शब्दात माणसाची लिंगओळखही येते. कलम १९ खाली त्यांनी म्हटले की ही ओळख माणूस पेहरावातून, शब्दांतून, कृतीतून, वागण्यातून व्यक्त करू शकतो. ‘शब्दांतून’ यावर मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. ‘मी गेले’ हे शब्दच आहेत ना? पुढे २०१९ चा कायदा आला. ओळख स्वतः माणसाने ठरवायची की सरकारने नेमलेल्या माणसांनी, यावरचे भांडण तेव्हापासून चालू आहे. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. शाळांचे म्हणाल तर २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती, तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे याची. बाल हक्क आयोगाने पत्र पाठवले, ओरड झाली आणि त्याच नोव्हेंबरात ती संकेतस्थळावरून काढली गेली. अकरा गोल काढणाऱ्या आपल्या गुरुजींच्या हाती ती पडली असती, तर कदाचित त्यांनी पेन खाली ठेवले असते. २०२५ मध्ये बारावीच्या एका विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तकांत हा विषय यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने केंद्राला, एनसीईआरटीला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांना नोटीस काढली. कोर्टकज्जे माझ्या पोटापाण्याचे आहेत, तरी सांगतो, कोर्टाच्या हुकुमाने धडा येईल, गोष्ट येणार नाही. गोष्ट लिहावी लागते.

आपल्या धम्मात तरी आहे का, म्हणून मी ग्रंथ उघडले. जे सापडले ते सगळेच गोड नाही. महावग्गात ‘पण्डक’ म्हटल्या गेलेल्यांना संघात प्रवेश नाकारलेला आहे, हे लपवून मी कोणाला धम्म सांगणार नाही. पण विनयपिटकातच दुसरी नोंद आहे. एका भिक्षूचे पुरुषपण जाऊन त्याला स्त्रीत्व आले. भिक्षूंनी तथागतांना विचारले, आता काय करायचे? तथागतांनी हाकलून दिले नाही. तेच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेवढेच वर्षावास मोजून त्यांनी तिला भिक्षुणी संघात राहायला सांगितले. तिचे जुने आयुष्य खोडले नाही. आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य श्रेष्ठिपुत्राची गोष्ट आहे. महाकच्चान थेरांना पाहून मनात आलेल्या वासनेने त्याचे रूप बदलते, तो स्त्री होतो, तक्षशिलेला जातो, तिथे दोन मुलांची आई होतो. आधी तो दोन मुलांचा बाप होताच. थेरांची क्षमा मागून पुढे तो पुन्हा पुरुष होतो, भिक्षू होतो, आणि लोक त्याला सारखे विचारतात, चौघांत कोणती मुले लाडकी? तो म्हणतो, ज्यांना जन्म दिला ती. या गोष्टीतही बदल म्हणजे शिक्षाच आहे, हे मला दिसते. तरी यात शिखंडी-बृहन्नडापेक्षा जास्त माणूस आहे.

ती गोष्ट घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. आधी रमाईच्या कामाबद्दल माफी मागितली. मूल आईच्या मागे उभे होते, काही बोलले नाही. मग गोष्ट सांगितली. ते ऐकत होते. गोष्ट संपल्यावर म्हणाले, “वकीलकाका, मग त्याला आधीच्या पोरांनी ओळखलं का?” अट्ठकथेत हे लिहिलेले मला आठवत नव्हते. मी म्हणालो, “तूच लिही पुढचं.” ते म्हणाले, “लिहीन. पण तुम्ही गोल काढायचे नाहीत.”

१४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही मुलांचे हस्तलिखित काढतो. यंदा त्यात ही गोष्ट घ्यायची असे मी संपादक मंडळात सांगितले आहे, क्रियापदांना हात न लावता. वाचनालयाची पुस्तक खरेदी समिती येत्या रविवारी बसते आहे. गुठलीचे नाव यादीत घातले आहे. समितीच्या दोन सदस्यांनी लेखी हरकत दिली आहे, ती माझ्या बॅगेत आहे. त्यांतले एक माझे जुने सहकारी, बांगड्यांच्या मोर्चात माझ्याच शेजारी होते.